गहू न सोसणारी मुले आणि आतड्यातील जिवाणू

राजधानी दिल्लीच्या नैऋत्येस वसलेल्या द्वारका या उपनगरात देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली कुटुंबे राहतात. भाषा आणि सणवार वेगळे असले, तरी बहुतेकांच्या ताटात रोज गव्हाची पोळी असते. मुलांच्या डब्यातही पराठा, ब्रेड किंवा बिस्किटे असतात. काही मुलांच्या बाबतीत मात्र हाच गहू आजाराचे कारण ठरतो. वारंवार जुलाब होतात, पोट फुगते, वजन व उंची वाढत नाही, लोहाच्या गोळ्या देऊनही रक्तक्षय हटत नाही. हा ‘सीलिॲक’ आजार होय. अशा मुलांना ‘प्रोबायोटिक’ म्हणजे उपकारक जिवाणू दिल्यास गुण येतो, असे अलीकडे पालकांच्या कानावर येते. त्यात तथ्य किती, हे समजून घेणे आवश्यक आहे.

आजाराचे स्वरूप

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन हे प्रथिन असते. पचनक्रियेत त्याचे पूर्ण विघटन होत नाही. विशिष्ट जनुके असलेल्या काही व्यक्तींमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा या अर्धवट पचलेल्या अंशांना शत्रू मानते आणि त्या झटापटीत लहान आतड्याच्या अस्तरालाच इजा करते. अन्नरस शोषून घेणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे सपाट होतात. परिणामी मूल पोटभर जेवूनही कुपोषित राहते.

दिल्लीलगतच्या फरिदाबाद परिसरात झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर ९६ व्यक्तींमागे एकास हा आजार आढळला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातील प्रौढांची तुलना करण्यात आली. रक्तात या आजाराची प्रतिपिंडे आढळण्याचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, तर दक्षिणेत केवळ ०.१० टक्के होते. आजारास पोषक जनुके दोन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात होती. गव्हाचा दैनंदिन सरासरी आहार मात्र उत्तरेत ४५५ ग्रॅम आणि दक्षिणेत २५ ग्रॅम होता.

जिवाणूंची भूमिका

तरीही एक प्रश्न उरतो. ही जनुके असलेल्या आणि गहू खाणाऱ्या बहुसंख्य लोकांना हा आजार होत नाही. मग इतर कोणते घटक कारणीभूत असावेत? या शोधात संशोधकांचे लक्ष आतड्यातील जिवाणूंकडे वळले. हे जिवाणू अन्नाच्या विघटनास मदत करतात, अस्तराचे रक्षण करतात आणि प्रतिकारयंत्रणेला वळण लावतात. सीलिॲकग्रस्त मुलांमध्ये बायफिडोबॅक्टेरियम गटातील उपकारक जिवाणू कमी असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. हा बदल आजाराचे कारण आहे की परिणाम, याचा उलगडा अद्याप झालेला नाही.

स्लोव्हेनियात ग्लुटेनमुक्त आहार घेणाऱ्या मुलांना या गटातील जिवाणू तीन महिने देण्यात आले. रक्तातील दाह दर्शविणारा एक घटक त्यामुळे घटला. परंतु जिवाणू देणे थांबविल्यावर तो पुन्हा वाढला. असे प्रयोग आशादायक असले, तरी त्यांत मुलांची संख्या थोडी आणि कालावधी अल्प आहे. प्रोबायोटिकमुळे गहू खाण्याची मुभा मिळते, असे कोणत्याही प्रयोगातून सिद्ध झालेले नाही.

उलट, सावधगिरीचे एक कारण आहे. अमेरिकेत २०१५ साली तपासलेल्या २२ लोकप्रिय प्रोबायोटिक उत्पादनांपैकी १२ उत्पादनांत ग्लुटेनचा अंश आढळला. म्हणूनच वेष्टनावरील मजकूर वाचून आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच असे उत्पादन निवडावे. भारतात ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणविणाऱ्या खाद्यपदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही.

उपचार स्वयंपाकघरात

आजन्म ग्लुटेनमुक्त आहार हाच आज या आजारावरील सिद्ध उपाय आहे. मराठी घरांना तो परका नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदळाची भाकरी, वरई, पोहे आणि सर्व डाळी यांत मुळात ग्लुटेन नसते. घरचे दही बहुतेक मुलांना सोसते. परंतु त्यातील जिवाणूंचे प्रकार व संख्या निश्चित नसल्याने त्याला औषध समजू नये.

खरा धोका लपलेल्या गव्हाचा असतो. गव्हावर दळलेल्या ज्वारीच्या पिठात गव्हाचे पीठ मिसळते. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो. बाजारातील बांधानी हिंगात अनेकदा मैदा असतो. त्यामुळे धान्य घरघंटीवर किंवा स्वतंत्र गिरणीत दळावे, पोळपाट-लाटणे आणि तवा वेगळा ठेवावा. शिक्षकांना कल्पना दिल्यास वाढदिवसाच्या केकमुळे किंवा मित्राच्या डब्यामुळे होणारी चूक टळते.

आणखी एक दक्षता महत्त्वाची आहे. केवळ संशयावरून गहू बंद करू नये. आधी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी आणि डॉक्टरांनी सांगितल्यास एंडोस्कोपी करून घ्यावी. गहू आधीच बंद केल्यास तपासणी फसवी ठरू शकते आणि निदान लांबते. निदान वेळेवर झाले आणि पथ्य काटेकोर पाळले, तर आतड्याचे अस्तर भरून येते आणि खुंटलेली वाढ पुन्हा सुरू होते. जिवाणूंवरील संशोधन उद्या या उपचाराला जोड देईल. आज मात्र मुलाचे आरोग्य त्याच्या ताटातील निर्भेळ भाकरीवर अवलंबून आहे.