ब्रेकरसाठी जाड वायर
अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडनुसार कमाल करंट सलग 3 तास किंवा जास्त वाहणार असेल, तर तो कंटिन्युअस लोड. वायर निवडताना त्याचे 125 टक्के धरायचे, बाकीच्याचे 100. दुकानातले दिवे 16 अँपिअर, इतर लोड 4. हिशेब 24 अँपिअर, म्हणून ब्रेकर 25चा आणि तांब्याची वायर 10 गेजची. कुणी म्हणेल, वायरची क्षमता मुळात सतत करंटसाठीच ठरवलेली असते, मग ही उधळपट्टी कशाला? मुद्दा रास्त आहे, पण अडचण वायरची नाहीच! बंद पॅनेलमध्ये तासन्‌तास तापतात ते ब्रेकर आणि त्याचे टर्मिनल. जाड तांबं तिथली उष्णता ओढून घेतं. म्हणूनच 100 टक्के लोडसाठी प्रमाणित ब्रेकर असेल, तर ही वाढ माफ आहे. तिकडे दुकान थाटताना दिवे किती तास चालणार, हे इलेक्ट्रिशियनला आधीच सांगा.