चूक मुलीची की पुस्तकाची?

पाककृतीच्या पुस्तकाबद्दल मत द्यायचं तर आपण बायका काय करतो? आधी त्यातला एखादा पदार्थ करून बघतो. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’वर घराघरांतून विश्वास बसला, तो काही मुखपृष्ठ बघून नव्हे. वाटी-चमच्याच्या मापानं केलेला पदार्थ खरंच जमतो, हे एकीनं दुसरीला सांगितलं म्हणून. पुस्तक नुसतं चाळून ‘छान आहे हो’ म्हणणारीचं आपण मनावर घेत नाही. मग कॉम्प्युटरच्या पुस्तकांना वेगळा न्याय का?

मी कला शाखेची पदवीधर, प्रोग्रॅमिंगशी माझा तसा संबंध नाही. पण आमच्या महिला मंडळाची वस्तीत एक अभ्यासिका आहे. डिप्लोमाच्या, बीसीएच्या मुली संध्याकाळी तिथे येतात, कारण घरात बसायला जागा नसते आणि आमच्याकडे दोन जुने का होईना, पण कॉम्प्युटर आहेत. त्यातल्या एकीनं ‘सी प्लस प्लस’ शिकायला साडेचारशे रुपयांचं पुस्तक घेतलं. आई चार घरी पोळ्या करते, तेव्हा साडेचारशे म्हणजे किती हे तुम्हाला सांगायला नको. पुस्तकातला पहिलाच प्रोग्रॅम तिनं जसाच्या तसा टाइप केला. चालला नाही. पुन्हा केला, पुन्हा एरर. आठवडाभरानं मला म्हणाली, “काकू, मला नाही जमणार हे. माझं डोकंच चालत नाही यात.”

आमच्याकडे शिकवायला येणाऱ्या एका इंजिनीअर मुलीनं ते पुस्तक हातात घेतलं आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. तिथे ‘आयोस्ट्रीम डॉट एच’ असं छापलं होतं. या भाषेचे अधिकृत नियम १९९८ साली ठरले, तेव्हा त्यातलं ‘डॉट एच’ गेलं. आपण लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देणारं जे सॉफ्टवेअर असतं, त्याला कंपायलर म्हणतात. आजचे कंपायलर ती ओळ घेतच नाहीत. ‘टर्बो सी प्लस प्लस’ या जुन्या सॉफ्टवेअरवर मात्र ती चालते, आणि आपल्याकडच्या अनेक कॉलेजांत तेच वर्षानुवर्षं वापरलं गेलं. म्हणजे पुस्तक जुन्या सॉफ्टवेअरपुरतं बरोबर होतं, पण तसं त्यात कुठेच लिहिलं नव्हतं. मुखपृष्ठावर मात्र ठळक अक्षरांत ‘नवीन सुधारित आवृत्ती’! दोन-तीन ओळी बदलल्या आणि प्रोग्रॅम चालला.

कादंबरी आवडली नाही तर आपण म्हणतो, पुस्तक कंटाळवाणं आहे. तांत्रिक पुस्तक समजलं नाही तर वाचणारी म्हणते, मीच ढ आहे. घरात पहिल्यांदाच कुणी कॉम्प्युटर शिकत असेल, तर विचारायला तरी कोण असतं? त्या मुलीनं शिकणं सोडलंच असतं, आणि दोष मात्र तिच्या डोक्याला लागला असता.

अशा वेळी कुणीतरी त्या पुस्तकाचं खरंखुरं परीक्षण लिहिलेलं असतं तर? पण बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं ते असं : ‘सोपी भाषा, भरपूर उदाहरणे, विद्यार्थ्यांना उपयुक्त.’ मैत्रिणींनो, ही तिन्ही वाक्यं पुस्तक न उघडता लिहिता येतात!

आमचं मंडळ दर तीन महिन्यांनी चार पानांचं वार्तापत्र छापतं. त्यात आम्ही अशा पुस्तकांची परीक्षणं द्यायचं ठरवलं. एक पुस्तक दोघी वाचतात. एक त्या विषयातली जाणकार आणि एक अगदी नवशिकी. जाणकारणीला चुका दिसतात, पण कुठे अडखळायला होतं ते नवशिकीलाच कळतं. पुस्तक जिच्यासाठी लिहिलंय, तिचं मत नको का?

नियम साधे आहेत. प्रोग्रॅम स्वतः टाइप करून चालवायचे आणि न चाललेल्यांचे पान क्रमांक लिहायचे. आवृत्ती कोणत्या वर्षाची, सॉफ्टवेअर कोणतं, हे सांगायचं. स्वाध्यायांची उत्तरं दिली आहेत का, मागे विषयसूची आहे का, किंमत किती, हे लिहायचं. पुस्तक कुणासाठी आहे आणि कुणासाठी नाही, हेही. आणि ते फुकट मिळालं असेल तर तसं स्पष्ट छापायचं.

हा शेवटचा नियम लवकरच कसाला लागला. एका प्रकाशकानं अभ्यासिकेला सहा पुस्तकं भेट दिली. त्यातलं एक ‘पायथन’चं. या भाषेची तिसरी आवृत्ती २००८च्या डिसेंबरात आली आणि १ जानेवारी २०२० पासून दुसऱ्या आवृत्तीची देखभालही बंद झाली. या पुस्तकात मात्र दोन्हींची सरमिसळ होती. कुठे ‘प्रिंट’पुढे कंस, कुठे नाही. पहिल्या तीन प्रकरणांतलेच नऊ प्रोग्रॅम चालले नाहीत. आमच्या मुलींनी तसं लिहिलं. छापण्याआधी प्रकाशकाला कळवलं, तर तिकडून फोन : “ताई, भेट दिलेल्या पुस्तकाला कुणी नावं ठेवतं का? पुढच्या वर्षी आणखी वीस देणार होतो.”

मंडळाच्या बैठकीत चांगलीच वादावादी झाली. वीस पुस्तकं ही आमच्यासाठी लहान गोष्ट नव्हती. पण ज्या मुलीनं पानापानावर पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, तिला काय सांगणार होतो आम्ही? खरं लिहू नकोस म्हणून? परीक्षण जसंच्या तसं छापलं. लूपचं प्रकरण फार सुरेख समजावलंय, हेही त्यात होतं, कारण तेही खरंच होतं. वीस पुस्तकं काही आली नाहीत. कपाटाचा तो खण अजून रिकामाच आहे.

बाहेर बघितलं तर यात वावगं काहीच नाही. ब्रिटनमधल्या ‘एसीसीयू’ या प्रोग्रॅमर मंडळींच्या संस्थेच्या नियतकालिकात सभासदांची पुस्तक-परीक्षणं वर्षानुवर्षं छापून आली आणि ‘शिफारस नाही’ असा शेराही तिथे उघड दिला गेला. अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांनी तर आपल्या पुस्तकातली चूक पहिल्यांदा दाखवणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचं बक्षीस ठेवलं. २५६ ही कॉम्प्युटरवाल्यांची लाडकी संख्या! त्यांचा चेक लोक वटवत नसत, फ्रेम करून भिंतीवर लावत. बँकेच्या फसवणुकीच्या भीतीनं २००८ पासून ते चेकऐवजी प्रमाणपत्र देऊ लागले. इतका मोठा माणूस चूक दाखवणाऱ्याचे आभार मानतो, मग आपल्याला संकोच कशाचा?

अर्थात, खरं लिहायचं म्हणजे लेखकाला झोडपायचं असं नव्हे. ‘पुस्तक भिकार आहे’ यातून कुणालाच काही मिळत नाही. ‘पान ४२ वरचा प्रोग्रॅम नव्या आवृत्तीत चालत नाही, असा बदल करा’ यातून वाचणारीचा आठवडा वाचतो आणि लेखकाला पुढची आवृत्ती सुधारता येते. आता तर ही गरज वाढलीच आहे. यंत्राकडून लिहून घेतलेल्या पुस्तकांची भीती इतकी वाढली, की २०२३ साली ॲमेझॉनला स्वतःची पुस्तकं स्वतः प्रकाशित करणाऱ्यांवर दिवसाला तीन पुस्तकांची मर्यादा घालावी लागली. दिवसाला तीन! त्यातलं चांगलं कोणतं, हे ते करून बघितलेलं माणूसच सांगणार.

तुमच्या घरी मुलगी किंवा सून असं एखादं पुस्तक घेऊन बसली असेल, तर तिच्या शेजारी जरा टेका. तुम्हाला त्यातलं काही कळायला हवं असं नाही. फक्त विचारा, “पहिला प्रोग्रॅम चालला का गं?” नाही म्हणाली, तर ‘नीट लक्ष दे’ म्हणण्याआधी पुस्तकाचं साल बघा. आणि तिला जे आढळेल ते चार ओळींत लिहायला सांगा. प्रकाशकाला पाठवा, कॉलेजच्या अंकात छापायला द्या, नाहीतर लायब्ररीतल्या पुस्तकात चिठ्ठी ठेवा. ते पुस्तक पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीच्या हातात जाणार आहे.