मारेकऱ्यांच्या कॅमेऱ्याबाहेर

आउशविट्झ म्हटलं की पाठ्यपुस्तकांत आणि माहितीपटांत काही छायाचित्रं हटकून दिसतात : रेल्वेचे मालडबे, फलाटावर उतरलेली बायकामुलं, पुरुषांची वेगळी रांग. १९४४च्या उन्हाळ्यात जर्मन आणि हंगेरियन यंत्रणांनी मिळून अवघ्या आठ आठवड्यांत हंगेरीतून सुमारे ४ लाख ३७ हजार ज्यू हद्दपार केले. त्यांतले बहुतेक याच छावणीत आणले गेले आणि ही छायाचित्रं त्यांचीच आहेत. ती काढली एसएसच्या माणसांनी. याद्या, वेळापत्रकं, हुकूमही त्याच कचेऱ्यांतले. एवढ्याच साधनांवरून शिकणारा विद्यार्थी नकळत त्या कॅमेऱ्यामागे उभा राहतो. त्याला तिथून हलवून रांगेत नेतात ती वाचलेल्यांची आत्मकथनं, आणि म्हणून ती वर्गात वाचली जायला हवीत.

व्हिएन्नाच्या रूथ क्लूगरचं उदाहरण घ्या. १९४४ मध्ये आउशविट्झमध्ये मजुरीसाठी पंधरा वर्षांवरच्या बायका निवडल्या जात होत्या. रूथ होती बारा वर्षांची. नोंदी करणारी एक कैदी तरुणी पुढे आली आणि हळूच म्हणाली, पंधरा सांग. रूथने सांगितलं. मुलगी फार लहान दिसते, अशी शंका अधिकाऱ्याने घेतली, तेव्हा ही कामाला दणकट आहे, असं त्याच तरुणीने ठासून सांगितलं. रूथ वाचली. १९९२ मध्ये तिने हे लिहिलं नसतं, तर मागे उरली असती फक्त एका मजूर मुलीची नोंद. जिथे हुकूम पाळणं एवढंच उरलं होतं, तिथे एका अनोळखी बाईने कसलाही फायदा नसताना जोखीम पत्करली, हे कोणत्याही सरकारी कागदातून कळलं नसतं.

पण आठवणींवर भरवसा किती ठेवायचा? हा आक्षेप खरा आहे, आणि तो सर्वांत कठोरपणे मांडला तो प्रिमो लेव्हीने, स्वतः आउशविट्झमधून परतलेल्या इटालियन रसायनतज्ज्ञाने. १९८६च्या त्याच्या पुस्तकाची सुरुवातच स्मृतीच्या दोषांच्या चर्चेने होते. शिवाय बिन्यामिन विल्कोमिर्स्की या नावाने १९९५ मध्ये आलेलं आत्मकथन निव्वळ बनावट निघालं. ते उघडं पडलं जुन्या कागदपत्रांमुळे. म्हणजे कागद जे सांगत नाही ते क्लूगर सांगते, आणि आठवण खोटी असेल तर कागद ती पकडतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला शिकणं हेच तर इतिहासाचं शिक्षण.

दुसरा आक्षेप कोवळ्या मनांचा. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या एका शाळा मंडळाने, आर्ट स्पीगलमनने वडिलांच्या आठवणींवरून रचलेलं ‘माऊस’ हे चित्रमय पुस्तक आठवीच्या अभ्यासक्रमातून काढलं. कारण दिलं शिवराळ भाषेचं आणि एका नग्न चित्राचं. वयाचा विचार हवाच, पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना कमी लेखू नये. लेव्हीचं १९४७चं पुस्तक पुढे इटलीच्या शाळांत वाचलं गेलं, तेव्हा मुलं त्याला विचारत : पळून का गेला नाहीत? बंड का केलं नाहीत? उपासमारीने खंगलेली शरीरं, भादरलेली डोकी, परकी भाषा आणि आसरा द्यायला बाहेर कोणी नाही, असं सगळं त्याने १९७६ मध्ये पुस्तकाला जोडलेल्या पुरवणीत सविस्तर सांगितलं. असे प्रश्न हादरून गेलेली मुलं विचारत नाहीत, विचार करणारी मुलं विचारतात.

मराठी वाचकाला ॲन फ्रँकची डायरी ओळखीची आहे. पण ती १ ऑगस्ट १९४४ला थांबते, अटकेच्या तीन दिवस आधी. छावणी तिच्यात नाहीच. हिटलरचं आत्मचरित्र मात्र मराठीत सहज विकत मिळतं. शिक्षकांनी आणि ग्रंथपालांनी त्याच्या शेजारी लेव्ही आणि क्लूगर आणून ठेवावेत, अकरावी-बारावीच्या वर्गात निदान एक प्रकरण मोठ्याने वाचावं आणि मग मुलांना हवे ते प्रश्न विचारू द्यावेत.