कांद्याचे पापुद्रे

परवा आमच्या समुपदेशन केंद्रात एक मुलगी आली. लग्नाला जेमतेम तीन वर्षं झालेली, मनगटावर वळ. म्हणाली, ‘‘ताई, ‘नवरा मारतो तर काय करायचं’ एवढंच मोबाइलवर शोधलं होतं. रात्री ह्यांनी फोन बघितला आणि त्यावरून पुन्हा मारलं.’’ मला क्षणभर काही सुचेना. मदत शोधणं हाच गुन्हा ठरला की!

संध्याकाळी कांदे चिरता चिरता कॉम्प्युटर शिकणाऱ्या लेकीला विचारलं, ‘‘आपण काय शोधतो ते कुणाला कळू नये, अशी काही सोय असते का गं?’’ तिनं त्यातलाच एक कांदा उचलला. ‘‘असते ना आई, अशी!’’

‘टॉर’ नावाचं सॉफ्टवेअर या कांद्यासारखंच चालतं. आपला निरोप एकावर एक तीन पापुद्र्यांत गुंडाळायचा आणि तीन वेगवेगळ्या संगणकांवरून पाठवायचा. प्रत्येक जण आपल्यापुरता एकच पापुद्रा सोलतो. पहिल्याला निरोप कुठून आला ते कळतं, पण कुठे चाललाय ते नाही. शेवटच्याला कुठे चाललाय ते कळतं, पण कुणाचा ते नाही. हे संगणक जगभरातले स्वयंसेवक चालवतात.

ही कल्पना निघाली १९९०च्या दशकात, अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत. पण एकटं नौदलच ते वापरू लागलं, तर वापरणारा कोण हे लगेच ओळखू येणार. लपायचं तर गर्दी हवी! म्हणून ते सगळ्यांना खुलं केलं गेलं. रॉजर डिंगलडाइन, निक मॅथ्यूसन यांच्यासारख्या मंडळींनी ते वाढवलं आणि २००६ मध्ये त्याची ना-नफा संस्था झाली.

इराणमध्ये २०२२ साली महसा अमिनी या तरुणीच्या मृत्यूनंतर बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा सरकारनं इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप बंद केलं. त्या वेळी टॉरचंच ‘स्नोफ्लेक’ अनेकांच्या कामी आलं. दुसऱ्या देशातली साधी माणसं आपल्या संगणकावर ते चालू ठेवतात आणि अडलेल्यांना त्यातून वाट मिळते. शेजारणीनं आपल्या परसदारातून जाऊ द्यावं, तसंच. वाईट कामं करणारेही ही वाट वापरतात, हे खरं. पण म्हणून अडलेलीचं दार बंद करायचं का?

‘‘मग त्या मुलीला हेच सांगू?’’ मी विचारलं. लेक म्हणाली, ‘‘थांब आई. हे वाटेवरची नजर चुकवतं. फोनच नवऱ्याच्या हातात असेल, त्यानं आत पाळतीचं ॲप टाकलं असेल, तर टॉर काय करणार? आणि फोनवर ते नवीन चित्र दिसलं, तर आणखी संशय!’’

पटलं मला. पुढच्या खेपेला त्या मुलीला म्हटलं, ‘‘तुझ्या फोनवर काही शोधू नकोस, आणि सगळं एकदम पुसूही नकोस. आईचा, मैत्रिणीचा नाहीतर आमच्या केंद्रातला फोन वापर. १८१ या महिला हेल्पलाइनलाही तिथूनच फोन कर.’’ त्याच दिवशी तिनं आमच्या फोनवरून तो लावला.

सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. तो हक्क घराच्या उंबरठ्याच्या आतही असतो. मैत्रिणींनो, शेजारची कुणी ‘जरा फोन देता का’ म्हणाली, तर कशाला ते विचारू नका. द्या, आणि जरा बाजूला व्हा.