'लाओइस' नव्हे, 'लीश'! आयर्लंडमधील काउंटीच्या नावाचा अर्थ आणि उच्चार

आयर्लंडमधील एका काउंटीचे (जिल्ह्यासारखा विभाग) स्पेलिंग एल-ए-ओ-आय-एस असे आहे. ते वाचून अनेक जण 'लाओइस' म्हणतात. योग्य उच्चार आहे 'लीश'.

असे का? आयरिश भाषेत ए-ओ-आय ही अक्षरे एकत्र आली की 'ई' उच्चार होतो आणि 'आय'शेजारच्या 'एस'चा 'श' होतो.

नावाचा अर्थ काय? येथे राहणाऱ्या एका प्राचीन जमातीवरून हे नाव पडले. १५५६ मध्ये इंग्रज राजवटीने ते बदलून राणी मेरीच्या सन्मानार्थ 'क्वीन्स काउंटी' केले. १९२२ मध्ये आयरिश फ्री स्टेट स्थापन झाल्यानंतर जुने नाव परत आले. येथील 'मेरीबरो' शहरही 'पोर्टलीश' झाले.

वापर कसा करावा? आयर्लंडमध्ये 'काउंटी' हा शब्द आधी येतो. म्हणून 'लीश काउंटी' नव्हे, 'काउंटी लीश' म्हणा.