मूळघर आणि बिऱ्हाड

भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या आदल्या दोन-तीन रात्री दादर आणि ठाणे येथील स्थानकांवर जो जनसमुदाय लोटतो, त्याचे वर्णन वृत्तपत्रे दरवर्षी आवर्जून छापतात. कोकणी माणसास गावाची ओढ फार, असे म्हणून ते वर्णन बहुधा संपते. ओढ आहे यात वाद नाही. परंतु ओढ घाटावरच्या माणसास नसते काय? वऱ्हाडातल्या माणसास नसते काय? मग एकाच आठवड्यात, एकाच तिथीचा नेम धरून, एवढ्या माणसांनी रात्रभर उभ्याने प्रवास करून घर गाठावे, आणि पुरते आठ-दहा दिवस होतात न होतात तोच पुन्हा मुंबईची वाट धरावी, हा प्रकार कोकणातच एवढ्या ठळकपणे का दिसावा? नुसत्या ओढीने याचा उलगडा होत नाही. यामागे एक व्यवस्था आहे, आणि तिच्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम माणसे बाहेर का पडली ते पाहू. आजचे रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे १९८१ पर्यंत एकच होते. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली ही पट्टी चिंचोळी व डोंगरउताराची. पाऊस वर्षास तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास, कित्येक ठिकाणी त्याहून अधिक. तथापि जांभ्या दगडातून तो झिरपतो, उरलेला वहाळावाटे खाडीस मिळतो, आणि वैशाखात विहिरींचा तळ दिसू लागतो. पीक मुख्यतः भाताचे, तेही खाचरांच्या तुकड्या-तुकड्यांतून, आणि १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा होईपर्यंत त्यातला वाटा खोताच्या घरी पोहोचवावयाचा. कुटुंबाचे वर्ष त्यात निघत नसे. मुंबईत १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली आणि पुढे गिरण्या, गोदी व रेल्वेचे कारखाने वाढत गेले, तेव्हा या मुलखातील पुरुष तिकडे वळले. वळले ते मात्र एकटे. बायको, म्हातारी आई, लहान मुले आणि गुरेढोरे मागेच राहिली. गिरणगावात एकेका गावच्या मंडळींनी मिळून खोली भाड्याने घ्यावी, पाळीप्रमाणे तीत निजावे, खानावळीत जेवावे आणि उरेल ते मनिऑर्डरीने घरी धाडावे, असा क्रम पडला. मनिऑर्डरीची सोय टपाल खात्याने १८८० मध्ये केली होती. तिच्यावाचून ही संसाराची विभागणी इतकी वर्षे टिकती ना.

या माणसास 'चाकरमानी' म्हणतात. अलीकडे, २०२५ मध्ये, या शब्दात कमीपणा आहे, तेव्हा 'कोकणवासीय' म्हणावे, अशी मागणी झाली आणि सरकारदरबारी तिची दखलही घेतली गेली. मला स्वतःला जुना शब्द अधिक खरा वाटतो. जो तेथे वर्षातले पंधरा दिवसच वसतो, त्यास तेथला वासी म्हटल्याने त्याचा मान वाढतो असे नाही. आणखी एक गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात घ्यावी. जुन्या पिढीचा चाकरमानी मुंबईतल्या आपल्या जागेस 'खोली' म्हणे, 'बिऱ्हाड' म्हणे. 'घर' हा शब्द त्याने गावासाठी राखून ठेवलेला असे. गावचे लोक मात्र त्यासच 'मुंबईकर' म्हणत. दोन्हीकडे तो थोडासा पाहुणाच.

आता वाटेविषयी. ही गावे पाण्याकाठची. समुद्रालगतची तर खरीच, पण दाभोळ, जयगड, जैतापूर, विजयदुर्ग येथील खाड्या कित्येक कोस आत शिरतात आणि त्यांच्या काठाकाठाने वस्ती आहे. आगबोटींच्या काळात मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाई. बहुतेक ठिकाणी ती खोल पाण्यात उभी राहावयाची आणि उतारूंनी ट्रंका-वळकट्यांसह पडावात उतरावयाचे. ज्यांचे गाव खाडीच्या आत, त्यांचा खरा प्रवास तेथून पुढे. चिपळूणकडे जाणारा गोवळकोटास उतरे, आणि तेथवरची नाव भरतीच्या पाण्यावर चढत असे. बोट कंपनीच्या वेळापत्रकाने येई; घर मात्र चंद्राच्या वेळापत्रकाने गाठावे लागे. भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. पौर्णिमेस व अमावास्येस ती भर दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास, अष्टमीस सकाळ-संध्याकाळ. त्यामुळे घड्याळ न पाहिलेली म्हातारीदेखील तिथीवरून सांगू शकत असे की, आज दिवा लागल्यावर नाव येईल, भात तेव्हा टाका.

पावसाळ्यात ही बोटवाहतूक बंद असे. नारळी पौर्णिमेस दर्यास नारळ वाहिला म्हणजे समुद्र खुला झाला असे मानतात, आणि गणेशचतुर्थी तिच्यानंतर अवघ्या एकोणीस तिथींवर. म्हणजे सर्वांत निकडीचा सण ऋतूच्या नेमक्या अशा टोकावर, जेव्हा समुद्राचा पुरता भरवसा नाही आणि घाटाची वाट चिखलाने धरलेली. आषाढातल्या समुद्राने काय केले हे तर सर्वश्रुत आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वाटेत उलटली व सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्यांतली पुष्कळशी सणासाठी घरी निघालेली होती.

पुढे एसटी आली आणि नंतर कोकण रेल्वे. रोहे ते मंगळूरजवळचे ठोकूर हा ७४१ किलोमीटरांचा मार्ग १९९८ मध्ये पुरा झाला. रत्नागिरीजवळच्या करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. पानवल नदीवरचा पूल चौसष्ट मीटर उंच आहे. दरड कोसळण्याच्या भीतीने पावसाळ्यात गाड्यांचे वेळापत्रक निराळे असते व त्या सावकाश चालतात, इतका निसर्गाचा शब्द अजून राहिला आहे. परंतु वाट सोपी झाली म्हणून माणसे जाऊ लागली असे म्हणता येणार नाही. वाट अवघड होती तेव्हाही ती जातच होती.

ती का जात होती, त्याचे मुख्य कारण हे की, कोकणातील पुष्कळ घराण्यांत गणपती एकच असतो. शहरात भाऊ वेगळे झाले म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडी स्वतंत्र मूर्ती येते. या घराण्यांत तसे होत नाही. चुली वेगळ्या होतात, खाचरे वाटली जातात, पण गणपती मूळघरीच बसतो आणि तो सर्वांचा मिळून असतो. चुलत-चुलत भावंडे धरून तीस-चाळीस माणसे एका मूर्तीची मालक. मग जो येणार नाही तो देवाला चुकला, एवढेच नव्हे, भावकीलाही चुकला. मूर्तीच्या डोक्यावर लाकडी माटवी टांगतात. सिंधुदुर्गाकडे हा शब्द, रत्नागिरीकडे तिलाच मंडपी म्हणतात. तीत कवंडळे, कांगण्या, तेरडा, सुपारीची शिपटी, जे जे त्या दिवसांत रानात व परसात मिळते ते ते बांधतात. हे बांधावयास हात लागतात, आणि कोणते फळ कोठे सापडते ते ठाऊक असलेला एक तरी म्हातारा लागतो. बाजारातून विकत आणून ती बांधता येते. कित्येक आता तसे करतातही.

दुसरे निमित्त शिमग्याचे. फाल्गुनात ग्रामदेवतेची पालखी देवळाबाहेर पडते आणि घरोघर जाते. देवी दारी आली असता दारास कुलूप असणे यासारखी नामुष्की नाही. म्हणून मुंबईहून एक तरी माणूस दार उघडावयास येतो, ओटी भरतो, आणि दुसऱ्या दिवशी कुलूप लावून जातो. घरास वर्षातून दोनदा उघडावयास लावणारी ही योजना कोणी एकाने बसून आखलेली नाही. पण आखली असती तर याहून नेमकी साधती की नाही, याची शंका वाटते.

परतीकडे लेखक मंडळी सहसा पाहत नाहीत, याचे मला नवल वाटते. विसर्जन झाले, पाट रिकामा झाला, की पुष्कळ घरांत त्या रात्री किंवा दुसऱ्या सकाळी ओसरीवर बैठक बसते. वर्षातून सर्व भाऊ एकत्र असतात ते एवढेच दिवस. घरपट्टी कोणी भरली, विजेचे देयक कोणी दिले, पावसाळ्यापूर्वी कौले परतावयास किती मजुरी लागली, म्हातारीच्या औषधास दरमहा कोणी काय पाठवावयाचे, कोणाच्या मुलीचे कोठे जमते आहे, हे सारे त्या बैठकीत ठरते किंवा मोडते. पुष्कळ घराण्यांचे अबोले तेथे सुरू झाले आहेत आणि कित्येकांचे तेथेच मिटलेही आहेत. सणाचे खरे कामकाज हेच, असे म्हटले तर श्रद्धाळू श्रोत्यांनी रागावू नये.

मग गाठोडी बांधली जातात. तांदूळ, कुळथाचे पीठ, आमसुले, नारळ, साठवलेली फणसाची साठे, जमल्यास सुकी मासळी. मुंबईत या जिनसा मिळत नाहीत असे मुळीच नाही. पण मनिऑर्डर ज्या दिशेने येते तिच्या उलट दिशेने काहीतरी जावे लागते, तरच घेणाऱ्याचा मान राहतो. गावी राहिलेल्या वहिनीने दिलेला पायलीभर तांदूळ हा तिचा वाटा असतो, आणि ओझे होते म्हणून तो नाकारणाऱ्या मुंबईकरणीस काय नाकारले हे पुष्कळदा कळतही नाही.

या देवघेवीची किंमत संकटात समजली. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या गिरण्यांत संप झाला आणि तो लांबतच गेला. तेव्हा कित्येक गिरणी कामगारांनी बिऱ्हाड उचलून मूळघर गाठले. पगार बंद, परंतु छप्पर होते आणि भात होता. २०२० च्या महामारीत पुन्हा तेच झाले, मात्र या वेळी एका विलक्षण रीतीने. गावोगाव आलेल्या चाकरमान्यांस प्रथम शाळेत, वेगळे ठेवण्यात आले. ज्या शाळेत आपण धुळाक्षरे गिरवली तिच्या खिडकीतून आपले घर पाहत बसावयाचे आणि आईने डबा ओट्याशी ठेवून मागे सरावयाचे. गावाने भिऊन हे केले, आणि त्या भीतीस कारणही होते. परंतु घर कोणाचे, हा इतकी वर्षे कोणी न विचारलेला प्रश्न त्या दिवसांत अनेकांच्या मनात प्रथमच उभा राहिला.

तो प्रश्न आता मिटणारा नाही, कारण मागे राहणारे माणूसच कमी होऊ लागले आहे. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे १६ लाख १५ हजार भरली. सिंधुदुर्गाचीही त्या दहा वर्षांत घटलीच. याच २०११ च्या गणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. ज्या व्यवस्थेचे वर्णन मी आतापर्यंत केले ती कोणाच्या खांद्यावर उभी आहे, हे त्या आकड्यात आले. पुरुषांनी जावे आणि यावे. चूल तेवती ठेवली ती स्त्रियांनी. आणि चूल तेवती असणे हे नुसते अलंकारिक बोलणे नाही. कौलारू घराचे वासे व रिपा चुलीच्या धुराने कोरड्या राहतात, कीड लागत नाही. घर एक पावसाळा बंद राहिले की भिंतीस ओल चढते, दुसऱ्या पावसाळ्यात वाळवी चौकट धरते, आणि एखादे कौल सरकले तर पाणी नेमके पाटाखालच्या सारवणावर पडते.

असे घर दुरुस्त तरी कोणी करावयाचे? सातबाऱ्यावर आजोबांच्या पिढीपासून चढत गेलेली पंचवीस-तीस नावे असतात. एक ठाण्यास, एक बडोद्यास, एक परदेशी, दोघे हयात नाहीत आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. विकावयाचे म्हटले तर सर्वांची संमती हवी. बांधावयाचे म्हटले तर ज्याने पैसा घातला त्याचा हक्क वाढला काय, असा तंटा. घर सर्वांचे असल्यामुळेच गणपतीस सारे जमत. तेच घर सर्वांचे असल्यामुळे कोणाच्याच्याने सावरवत नाही. या पेचास कायद्यात वाटणीचा उपाय आहे, पण वाटणी झाली म्हणजे मूळघर उरत नाही, म्हणून पुष्कळ कुटुंबे तिच्या वाटेस जात नाहीत. वर्षानुवर्षे हा विषय बैठकीत निघतो आणि गाडीची वेळ झाली म्हणून पुढील चतुर्थीवर टाकला जातो.

काही घराण्यांनी गणपती शहरात नेण्याचा विचार केला आहे. असा निर्णय भावकी आपल्या जबाबदारीवर सहसा घेत नाही. ग्रामदेवतेपुढे कौल लावतात. उजवा कौल मिळाला तर पाट डोंबिवलीस किंवा विरारला, डावा मिळाला तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारावयाचे. तोवर किल्ली शेजारच्या घरी असते. आषाढात एखाद्या रात्री त्या घरून मुंबईच्या बिऱ्हाडी फोन येतो की, पाऊस फार झाला, मागल्या पडवीची चार कौले गेली, आम्ही तूर्त झावळ्या टाकल्या आहेत. या खेपेस दोन दिवस आधी या, आणि कोणा एकाने तरी शिडीवर चढेल असा मुलगा बरोबर आणा.