रोझीची अठरा वर्षं

सारा ग्रुएन यांची 'वॉटर फॉर एलिफंट्स' ही कादंबरी 2006 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा अमेरिकेतली सगळ्यात बडी सर्कस, 'रिंगलिंग ब्रदर्स', हत्ती घेऊन गावोगाव फिरत होती. याच गोष्टीचं संगीत नाटक 2024 साली ब्रॉडवेवर आलं, तोवर रिंगलिंगच्या रिंगणातले हत्ती कायमचे निवृत्त झाले होते. मध्ये 2011 चा चित्रपट. अठरा वर्षांत तीन रूपं घेतलेल्या या गोष्टीला सगळे प्रेमकथा म्हणतात. मला ती पहिल्यापासून हत्तिणीची गोष्ट वाटत आली आहे.

कथानक थोडक्यात असं. साल 1931, अमेरिकेत महामंदी. कॉर्नेलमध्ये पशुवैद्यकाचं शिक्षण घेणाऱ्या जेकब यांकोव्स्कीचे आईवडील अपघातात जातात. घर गहाण पडलेलं, हाती पै नाही. परीक्षा अर्धवट टाकून तो रात्रीच्या अंधारात एका धावत्या गाडीत चढतो. ती गाडी निघते 'बेंझिनी ब्रदर्स' या फिरत्या सर्कशीची. तिथे घोड्यांचे खेळ करणारी मार्लेना आहे आणि तिचा नवरा ऑगस्ट, म्हणजे प्राण्यांचा मुख्य शिक्षक. तो घटकेत लाघवी, घटकेत क्रूर. मग रोझी नावाची हत्तीण येते. कुठलीच आज्ञा ऐकत नाही म्हणून ती मठ्ठ ठरते आणि ऑगस्टच्या अंकुशाचा मार खाते. तिला फक्त पोलिश कळतं, हे लक्षात येतं ते पोलिश घरात वाढलेल्या जेकबच्या.

कादंबरीचं खरं बळ जेकब, मार्लेना आणि ऑगस्ट यांच्या प्रेमत्रिकोणात नाही, त्या आगगाडीत आहे. सर्कशींची जुनी छायाचित्रं पाहून ग्रुएन यांना हा विषय सुचला, आणि त्यांनी त्या काळाचा कसून अभ्यास केला. मंदीत सर्कशी धडाधड बुडत होत्या. कादंबरीतला मालक अंकल अल गिधाडासारखा त्यांच्या मागावर असतो. बुडालेल्या सर्कशीचे प्राणी, डबे, कलावंत स्वस्तात उचलतो. पगार मात्र थकलेले. कलावंतांना निदान वेळेवर जेवण मिळतं, पण तंबू ठोकणारे मजूर जड झाले की रात्री त्यांना धावत्या गाडीतून बाहेर ढकलून देतात. दारूबंदीमुळे जमैका आल्याचा भेसळीचा अर्क पिऊन हजारो माणसांचे पाय लुळे पडले, ही 1930 सालची खरी घटना. कॅमल नावाच्या म्हाताऱ्या मजुराच्या रूपाने ती इथे येते, आणि त्याला लपवून ठेवणारे जेकब व बुटका विदूषक वॉल्टर यांची मैत्री मला जेकब-मार्लेनाच्या प्रेमापेक्षा कितीतरी जिवंत वाटते. मार्लेना सुंदर आहे, सोसते आहे. याहून फारसं काही तिच्याबद्दल कळत नाही. ग्रुएन यांनी तिच्यापेक्षा रोझीला जास्त जीव लावला आहे. खुंटा उपटून लिंबूसरबत चोरायचं आणि खुंटा परत ठोकून साळसूद उभं राहायचं, असा खोडकर स्वभाव मार्लेनाच्या वाट्याला कुठे आला?

चित्रपटाने नेमका मजुरांचा भाग आखडता घेतला. दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्स आणि पटकथाकार रिचर्ड लाग्राव्हनीझ यांनी अंकल अलला वगळून ऑगस्टलाच मालक केलं. नाट्य आटोपशीर झालं, पण पैशाची क्रूरता एका माणसाच्या संतापात विरघळून गेली. क्रिस्टोफ वॉल्ट्झ यांनी तो संताप अप्रतिम उभा केला, हे मान्य. रॉबर्ट पॅटिन्सन आणि रीझ विदरस्पून यांच्यात मात्र ठिणगी म्हणून पडत नाही. रॉद्रिगो प्रिएतो यांच्या कॅमेऱ्यातली सोनेरी धूळच त्यांच्यापेक्षा अधिक प्रेमात पडलेली दिसते. पॅटिन्सन खरा खुलतो तो रोझीसोबत.

रोझीचं काम केलं होतं ताई नावाच्या खऱ्या हत्तिणीने. चित्रपट एप्रिल 2011 मध्ये लागला, आणि पुढच्याच महिन्यात एका प्राणिहक्क संघटनेने 2005 सालचं चित्रण बाहेर काढलं. ताईला आणि तिच्यासोबतच्या हत्तींना शिकवताना अंकुश आणि विजेचे झटके वापरले जात होते, असा आरोप त्यात होता. हत्ती पुरवणाऱ्या कंपनीने तो फेटाळला. पण ज्या गोष्टीचा खलनायक अंकुश चालवतो, त्याच गोष्टीच्या पडद्यामागे हा प्रश्न उभा राहावा, यानंतर तो चित्रपट पूर्वीसारखा पाहता येत नाही.

आपल्याकडेही नेमका तोच काळ सर्कशीला जड गेला. वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं, माकडं यांच्या खेळांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच उचलून धरली होती. सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्याविरुद्धचा निकाल लागला 18 एप्रिल 2011 रोजी, चित्रपट अमेरिकेत झळकण्याच्या चार दिवस आधी. पुण्याच्या दामू धोत्र्यांनी 1940 च्या दशकात याच रिंगलिंगच्या रिंगणात वाघ-सिंहांचे खेळ करून नाव कमावलं होतं, हे आज सांगताना अभिमान वाटतो आणि थोडं अवघडल्यासारखंही होतं.

रिंगलिंगने मे 2016 मध्ये हत्तींचा शेवटचा खेळ केला. शहरोशहरी अंकुशबंदीचे नियम होऊ लागले होते, लोकांचं मनही पालटलं होतं. हत्ती गेल्यावर तिकीटविक्री आणखी घसरली आणि मे 2017 मध्ये रिंगलिंगचा तो जुना थाटही आवरला गेला. सर्कस परतली 2023 मध्ये, प्राण्यांविना.

त्यामुळे दिग्दर्शिका जेसिका स्टोन यांच्या नाटकापुढे पर्याय एकच होता, आणि तोच पथ्यावर पडला. रोझी इथे बाहुली आहे, माणसांनी चालवलेली. आधी सोंड दिसते, कान दिसतो, पाय दिसतो. अख्खी हत्तीण बघायला प्रेक्षकाला बराच वेळ थांबावं लागतं. मार्लेनाचा आजारी घोडा सिल्व्हर स्टार तर लोंबत्या कापडावर कसरत करणारा एक कलावंत झाला आहे. त्याचा मृत्यू त्या उंचावरच्या शरीरातून घडतो. खरा घोडा आणून हे साधलं नसतं. कसरतपटूंमुळे मजूर आणि कलावंत यांचा घोळकाही पुन्हा गोष्टीच्या मध्यभागी आला. गाणी मात्र लक्षात राहण्याजोगी कमी. नाटकाला सात टोनी नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही, आणि 8 डिसेंबर 2024 रोजी ब्रॉडवेवरचे प्रयोग थांबले.

तिन्हींत कोणतं रूप निवडाल, असं कुणी विचारलं तर माझं मत कादंबरीला. वाचायला घ्याल तर वृद्धाश्रमातल्या नव्वदीपारच्या जेकबची प्रकरणं गाळू नका. चित्रपटाने ती जवळजवळ काढूनच टाकली आणि प्रेमकथेला जागा करून दिली. पण आपलं वय नव्वद की त्र्याण्णव हे न आठवणारा, रोजच्या मिळमिळीत जेवणावर चिडणारा आणि खिडकीबाहेर सर्कशीचा तंबू उभा राहताना बघणारा हा म्हाताराच या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं लेखन आहे.